गावी राहायला जायचं? मग आषाढात ठरवा

गणपती होऊन गेले, पाहुणे आपापल्या घरी पोचले आणि आमच्या घरात पुन्हा तोच विषय निघाला. जायचं की नाही?

विषय तसा जुना आहे. जोगेश्वरी पूर्वेला आम्ही पन्नासएक वर्षं राहतोय. आधी मजासच्या एका चाळीत, नंतर या सोसायटीत. आता सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. दिवाळीनंतर जागा खाली करून द्यायची, बिल्डर दरमहा भाडं देणार आणि तीन वर्षांनी नव्या इमारतीत ताबा. (तीन वर्षं हे शब्द उच्चारले की आमच्या मजल्यावरचे सगळे एकमेकांकडे बघून हसतात.) म्हणजे कुठंतरी जावं लागणार हे नक्की. मग आमच्या ह्यांनी मांडलं की भाड्याच्या खोलीत दिवस काढण्यापेक्षा गावी जाऊ. तीन वर्षं कशाला, कायमचेच जाऊ.

गाव म्हणजे लांजा तालुक्यात, हमरस्त्यापासून तेरा किलोमीटर आत. सासऱ्यांनी गिरणीच्या पगारातून पै पै साठवून बांधलेलं चिऱ्याचं घर. वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे गोठा (गुरं नाहीत, लाकडं असतात), दोन कलमं, एक फणस. जोगेश्वरीपासून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त अंतर.

ह्यांचं म्हणणं आधी सांगते, नाहीतर म्हणतील माझी बाजूच मांडली नाही. पेन्शनीत मुंबईपेक्षा गावात बरं भागेल. हवा चांगली. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला, म्हणजे जोगेश्वरीत आम्हाला बांधून ठेवणारं कुणी नाही. आणि शेवटचं, जे ते मोठ्याने बोलत नाहीत, ते असं की वडिलांनी बांधलेलं घर आपल्या डोळ्यांदेखत पडू नये. यातलं एकही म्हणणं खोटं नाही. वय सत्त्याहत्तर, माझं त्र्याहत्तर. स्वप्नं बघण्याचं वय गेलं म्हणतात, पण ह्यांचं हे एक शिल्लक आहे.

माझा आक्षेप वेगळाच आहे. हे सगळं ठरतं कधी? तर मे महिन्यात!

मे महिन्यात गावी गेलं की काय असतं बघा. माचावर आंबे पिकत घातलेले, फणसाचा घमघमाट, पोरांच्या हाताला करवंदांचा चीक. घरात बावीस माणसं. रात्री अंगणात गाद्या टाकायच्या, वर चांदणं, सगळे दीर-भाचे एका सुरात, ‘‘काय ठेवलंय त्या मुंबईत?’’ तसंच दुसऱ्यांदा ठरतं ते गणपतीत. पाऊस दमलेला असतो, खाचरं हिरवीगार, घरोघरी आरत्या, वाडीतलं प्रत्येक दार उघडं. ‘‘काय ठेवलंय त्या मुंबईत?’’ हा प्रश्न पुन्हा एकदा. बावीस माणसांचा स्वयंपाक कोण करतं हे त्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही येत नाही, कारण तेव्हा हाताशी तीन जावा असतात.

पण मे आणि भाद्रपद यांच्या मध्ये एक आषाढ असतो हो! आणि आषाढात आमच्यातलं कुणीही गेल्या चाळीस वर्षांत त्या घरात चार दिवससुद्धा राहिलेलं नव्हतं.

इथं थोडं माझ्याबद्दल सांगते, म्हणजे मी पावसावर एवढी का बोलते ते कळेल. माझं माहेर माणदेशातलं. आमच्याकडे वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर लोक चांगलं वर्ष म्हणत. १९७२च्या दुष्काळात मी वीस वर्षांची होते. खडी फोडायला गेलेल्या बायका संध्याकाळी रांगेने परतताना पाहिल्यात. आमच्याकडे पाऊस हा पाहुणा, आला की त्याला हात जोडायचे. लग्न होऊन मी मुंबईला आले आणि सासरच्या लोकांना पावसाला शिव्या देताना ऐकलं तेव्हा मला धक्काच बसला होता.

पुढे शाळेत मी मराठी आणि भूगोल शिकवला. महाराष्ट्राच्या पर्जन्याचा नकाशा फळ्यावर काढायचे तेव्हा कोकणपट्टी निळ्या खडूने घट्ट भरायची आणि सह्याद्रीच्या पलीकडचं माझं माहेर कोरंच ठेवायची. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर, आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त, घाट ओलांडून पुण्याला गेलं की ७००च्या आसपास. मेघालयातल्या चेरापुंजीचा आकडा ११००० मिलिमीटरच्या घरात, आणि तरी तिथल्या बायका हिवाळ्यात पाण्यासाठी वणवण करतात, हे सांगितलं की वर्गाचा विश्वास बसत नसे. मग मी म्हणायची, ‘‘अरे, मे महिन्यात गावी गेल्यावर तुमच्या आज्यांना विचारा.’’ जोगेश्वरी-अंधेरीची मुलं, निम्मी कोकणातली. त्यांना लगेच पटायचं. जांभा दगड म्हणजे चाळण. आषाढात ओतलेलं पाणी उतारावरून समुद्राला जातं, नाहीतर जांभ्यातून झिरपून निघून जातं आणि एप्रिलअखेरीस आमच्या वाडीची विहीर तळ दाखवते. म्हणजे चार महिने पाण्यामुळे घराबाहेर पडता येत नाही आणि दोन महिने पाण्यासाठी पडावं लागतं. मे महिन्यात पाहुण्यांनी अंघोळीला जास्त पाणी घेतलं म्हणून जाऊबाई चिडतात, त्या काही कद्रू नाहीत.

असो. विषयांतर झालं.

तर यंदा मी अट घातली. म्हटलं, ‘‘जायला मी तयार आहे, पण आधी आषाढात चार आठवडे राहून बघू. तुम्ही आणि मी, दोघंच. पाहुणे नकोत. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं.’’ ह्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मुलीला वाटलं मला भ्रम झालाय. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू लागलं त्याच दिवशी आम्ही विलवडे स्टेशनला उतरलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ म्हणतात आणि त्यानंतरच्या पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’. म्हातारा म्हटला म्हणून तो वाकून काठी टेकत येतो असं समजू नका. एकदा बसला की उठत नाही, म्हणून म्हातारा.

पहिले सहा दिवस मला आवडलं, हे प्रामाणिकपणे लिहिते. माणदेशातल्या मुलीच्या नशिबी एवढा पाऊस! पडवीत बसून पागोळ्यांकडे बघत राहायची. शेजारच्या काकूंनी टाकळ्याची भाजी आणून दिली, एकदा भारंगी, एकदा अळंबी. समोरच्या खाचरात लावणी चाललेली. मुंबईत दिवसाचे किती तास आपण नुसता आवाज ऐकत काढतो ते तिथं जाऊन कळतं.

मग हळूहळू घर बोलायला लागलं. मिठाला पाणी सुटलं. काडेपेटी पेटेना. कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळत घालायचे, म्हणजे ते वाळतात पण आपण दिवसभर धुराचा वास घेऊन फिरतो. ह्यांच्या चामड्याच्या चपलेवर हिरवी मखमल उगवली. लाईट गेली की आठ-आठ तास नाही. आगोटीची तयारी, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मे महिन्यातच करून ठेवायची असते. सुकी लाकडं आत घ्यायची, कौलं चाळून घ्यायची, पडवीला झाप बांधायचे, कोकम, पापड, सुकी मासळी डब्यात. हे सगळं करायला मे महिन्यात घरात तरणी माणसं हवीत. आमच्याकडे मे महिन्यात तरणी माणसं असतात, पण ती आंबे खायला आलेली असतात.

आठव्या दिवशी ह्यांनी मला विचारलं, ‘‘आज वार कोणता गं?’’ वर्तमानपत्र नाही, मोबाईलला रेंज नाही, पारावर बसायला माणूस नाही. जोगेश्वरीला रोज सकाळी सात वाजता मेघवाडीच्या नाक्यावर ह्यांचं चार निवृत्तांचं मंडळ भरतं. तिथं कोकणाचं सगळ्यात जास्त कौतुक ह्यांनी केलेलं आहे. आणि आता त्या चौघांची आठवण काढत पडवीत येरझाऱ्या घालत होते. मी काही बोलले नाही. पन्नास वर्षांच्या संसारात एवढं शिकले आहे.

वाडीत सोळा घरं. त्यातल्या नऊ घरांना कुलूप. हे काही आमच्याच वाडीचं नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सबंध देशाची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. वाचणाऱ्याला वाटेल वा, मुलींचं केवढं कौतुक! कौतुक कसलं, पुरुष मुंबईला. पूर्वी पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा तेव्हा निदान घरात ती घ्यायला बाई असायची. आता तीही विरारला मुलाकडे.

आता त्या रात्रीचं लिहिते. लिहू नको असं हे म्हणत होते.

म्हातारा लागून दोन दिवस झाले होते. संध्याकाळपासून लाईट नव्हती. रात्री दीडच्या सुमारास ह्यांनी मला हलवलं. छातीत दुखतंय म्हणाले. अंगाला दरदरून घाम. चार वर्षांपूर्वी ह्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यामुळे पुढचं मला सांगावं लागलं नाही. गोळी जिभेखाली ठेवली. फोनला रेंज नाही. रेंज मिळते ती वर सड्यावर, देवळापाशी. सगळ्यात जवळचं उघडं दार पाच कुलपं ओलांडून. विजेरी आणि छत्री घेऊन निघाले, छत्री अंगणातच उलटी झाली, ती तिथंच टाकली. गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलत आणलेली मी त्या चिखलात अनवाणी कशी चालले ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या घरातला मुलगा उठला. चौतीस-पस्तीसचा असेल, रिक्षा चालवतो. त्याने बायकोला माझ्याबरोबर पाठवलं आणि स्वतः मोटारसायकलवरून सड्यावर जाऊन १०८ला फोन केला. रुग्णवाहिका आली. खरंच आली, तीही पाऊण तासात. पण पऱ्याच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे ती, आणि मोरीवरून कमरेएवढं पाणी. पलीकडे तिचा निळा दिवा फिरताना दिसत होता. मी खिडकीतून तो दिवा बघत पहाटे पाचपर्यंत बसले. ह्यांचा हात हातात. हे म्हणाले, ‘‘उगाच आणलं तुला.’’ मी म्हटलं, ‘‘मीच आणलंय तुम्हाला.’’

पाचनंतर पाणी उतरलं. वाडीतल्या चौघांनी ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मोरी ओलांडली. त्या चौघांतला एक साठीचा होता. आधी लांजा, मग पुढे चाळीसेक किलोमीटर रत्नागिरी. हृदयाचं काही नव्हतं, देवाची कृपा. पित्त, वाढलेलं ब्लडप्रेशर आणि भीती. पण डॉक्टर म्हणाले ते लक्षात राहिलं, ‘‘आजी, आज निभावलं. खरं असतं तर हे चार तास महागात पडले असते.’’

तुम्ही म्हणाल, झालं, म्हणजे बाईंचा निकाल लागला, कोकण वाईट, मुंबई चांगली. थांबा.

पावसाने मुंबईत कमी हाल केलेत का? २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर मोजला. माझ्या माहेरी दोन वर्षांत पडत नाही एवढा! गंमत म्हणजे त्याच दिवशी कुलाब्याला पाऊणशेही नव्हता, हे मी नंतर कितीतरी वर्षं स्थानिक पर्जन्याचं उदाहरण म्हणून शिकवलं. त्या दिवशी आमच्या अंधेरीच्या शाळेत बेचाळीस मुलं अडकली. आम्ही तीन बाई आणि एक शिपाईमामा. लाईट नाही, फोन बंद. रात्री नऊच्या सुमारास मागच्या वस्तीतल्या बायका छातीभर पाण्यातून डोक्यावर टोपली घेऊन आल्या. चपात्या, बटाट्याची भाजी, एकीने दुधाची पिशवी आणलेली. त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं होतं. कोणाची मुलं, कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एकेका मुलाला पालकांच्या हवाली करून मी जोगेश्वरीला चालत आले तेव्हा दुपार झाली होती.

तेव्हा पावसाला मी घाबरत नाही. अगदी आमची जोगेश्वरीची लेणी बघा, सहाव्या शतकातली, दीड हजार वर्षं झाली, पावसाळ्यात त्यांच्यातही पाणी झिरपतं. मला भीती वाटली ती पाच कुलपांची. २००५ला हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर माणसं होती. इथं जोगेश्वरीत द्रुतगती महामार्गाजवळ पालिकेचं ट्रॉमा रुग्णालय रिक्षाने दहा मिनिटांवर, आणि शेजारचं दार दहा पावलांवर. गावातली माणसं वाईट आहेत का? उलट, रात्री दोन वाजता त्यांच्याएवढं कोण धावलं असतं! पण ती आहेत किती? सात घरांत मिळून एकवीस, त्यातली अकरा आमच्या वयाची.

आणि एक बघा. तिवऱ्याचं धरण फुटलं २ जुलै २०१९ला. महाडजवळची तळीये वाडी दरडीखाली गेली आणि चिपळूण बुडालं ते एकाच दिवशी, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री. सगळं याच जुलै महिन्यात. आमच्या वाडीवर डोंगराचा उतार तसा सौम्य आहे, उगाच घाबरवत नाही कुणाला. एवढंच म्हणते की जो महिना त्या मुलखाची खरी परीक्षा घेतो, नेमका तोच महिना सोडून आपण बाकीच्या अकरा महिन्यांत निर्णय घेत असतो.

यावर आमच्या भाच्याने तोडगा काढला. ‘‘मामी, सोपं आहे. ऑक्टोबर ते मे गावी राहा, पावसाळ्यात जोगेश्वरी.’’ ऐकायला छान वाटतं. बरेच जण असं करतातही. मीही आठ दिवस याच विचारात होते. पण त्या चार आठवड्यांत मला एक गोष्ट दिसली, जी चाळीस वर्षांच्या मे महिन्यांत दिसली नव्हती. कोकणातल्या घराला माणूस हवं असतं ते पावसाळ्यातच.

कसं ते सांगते. वानर येतात, छपरावर उड्या मारतात, एक कौल सरकतं. घरात माणूस असेल तर त्याच दिवशी भिंतीवर ओल दिसते, खाली बादली ठेवता येते, उघडीप मिळाली की कुणीतरी वर चढून कौल सारखं करतं. पाच मिनिटांचं काम. घर बंद असेल तर ते पाणी वाशावर, वाशावरून भिंतीत, भिंतीतून मातीच्या गिलाव्यात, आणि मागोमाग वाळवी. चुलीचा धूर नाही म्हणून लाकडाला कीड. आपण गणपतीच्या चार दिवस आधी दार उघडतो तेव्हा माजघराची एक बाजू खाली बसलेली असते. बंद नऊ घरांतली तीन अशीच बसली. एकाच्या भिंतीतून आता उंबर वर आलाय. तिथं चांगले दिवस येऊन राहायचं आणि पाऊस आला की निघून यायचं, म्हणजे आईला सणाला भेटायचं आणि आजारपणात शेजारणीवर सोपवायचं तसं झालं. असं जरूर करावं, पण मग ‘गावी राहायला गेलो’ म्हणू नये. पाहुणे म्हणून जातो म्हणावं.

तेव्हा माझं मत असं झालंय की जायचं तर पावसासकट जायचं. अंगात बळ असताना, पन्नाशीत, साठीत जायचं. वाडीतल्या माणसांशी आपलं येणं-जाणं होईल एवढा अवधी हाताशी ठेवून जायचं. सत्त्याहत्तराव्या वर्षी स्टेंट घेऊन जायचं नाही. आणि घरातल्या निर्णयात जिच्या हातात चूल आहे तिचं मत आधी विचारायचं. ‘आपलं घर’ म्हणताना ह्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचं बालपण येतं. माझ्या डोळ्यांपुढे ओली लाकडं येतात. दोघंही खरंच बोलत असतो.

आम्ही दोघांनी ठरवलंय. भाड्याची जागा जोगेश्वरीतच बघतोय, पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर, मेघवाडी नाक्यापासून चालत जाता येईल अशी. ह्यांनी ‘हो’ म्हटलं, पण ज्या दिवशी म्हटलं त्या दिवशी जेवले नाहीत. हेही लिहून ठेवते.

राहिला प्रश्न घराचा. आणि आता मी जे लिहिणार आहे ते मुख्यतः आमच्या घरच्या मंडळींसाठी आहे. फोनवर बोलायला लागले की सगळे एकदम बोलतात, म्हणून लिहिते.

तो रिक्षावाला मुलगा मुंबईत नालासोपाऱ्याला राहायचा. २०२०च्या मे महिन्यात चाकरमानी गावी परतले, तेव्हा तोही आला. आठवतं ना, गावोगावी चाकरमान्यांना कसं अडवत होते, शाळेत चौदा-चौदा दिवस ठेवत होते? तोही राहिला शाळेत. बाकीचे दिवाळीपर्यंत परत गेले, हा नाही गेला. पाच पावसाळे काढलेत त्याने तिथं. दोन मुलं, दोन्ही वाडीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळेचा पट नऊ. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं ही चर्चा सरकारदरबारी अधूनमधून निघते. त्या नऊतली ही दोन गेली तर काय होईल ते शाळेत जन्म घालवलेल्या बाईला विचारू नका. त्याचं स्वतःचं घर म्हणजे चुलत्याची एक पडवी, तीही यंदा एका बाजूने खचली.

माझं म्हणणं, त्याला आपल्या घरात राहू द्या. भाडं नको. पावसाळ्यात चूल पेटेल, कौल सरकलं तर दिसेल, वीजबिल तो भरेल. देवघर आणि समोरची खोली आपली. गणपतीत आपण जाऊच.

पुण्याच्या भाऊजींचं उत्तर मला माहीत आहे, ‘‘वहिनी, कूळ लागेल!’’ कोकणात हे दोन शब्द भुतापेक्षा भारी. १ एप्रिल १९५७ला कसेल त्याची जमीन झाली, तेव्हा आपल्या आजेसासऱ्यांची दोन खाचरं गेली आणि त्याची भीती तिसऱ्या पिढीपर्यंत पोचली. पण भाऊजी, कूळकायदा शेतजमिनीचा. आपण बोलतोय घराबद्दल. घरासाठी लिव्ह अँड लायसन्सचा करार होतो, अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदणी करून. दिवाळीनंतर तुमचे दादा आणि मी जोगेश्वरीत ज्या कागदावर सही करून दुसऱ्याच्या घरात राहायला जाणार आहोत, तोच कागद. आमच्यावर तो घरमालक विश्वास ठेवणार आहे ना? वकिलाला हवं तर तुम्हीच विचारा, फी मी देते.

ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून मामंजींचंच नाव आहे आणि वारस आपण अकरा. अकराच्या अकरा जणांची संमती लागेल. दोघांनी होकार कळवलाय. नालासोपाऱ्याच्या जाऊबाई म्हणाल्या, ‘‘राहू दे की, पोर चांगलं आहे.’’ एक भाचा म्हणतो, आज राहू द्या, उद्या निघाला नाही तर? त्याला माझा उलटा प्रश्न आहे. बाळा, निघाला तर? आत्ता त्या वाडीत चाळिशीच्या आतलं ते एकच जोडपं आहे. त्या रात्री तुझ्या मामाच्या खुर्चीचा पुढचा पाय त्याच्या हातात होता.

दसऱ्याला सगळे जमणार आहेत तेव्हा कागद तयार ठेवते. नाही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, फक्त त्याआधी पुढच्या आषाढात त्या घरात चार आठवडे राहून या. किल्ली माझ्याकडे आहे.

काल संध्याकाळी त्या मुलाचा सड्यावरून फोन आला. वानरांनी माजघरावरची तीन कौलं फोडली. त्याने सध्या प्लास्टिक घातलंय, विचारत होता की वर चढून बदलू का? मी ‘हो’ म्हणणार एवढ्यात ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगायला लागले, जादा कौलं गोठ्यात आहेत, डाव्या हाताला, लाकडांच्या मागे. मोजून अठरा. फुटली असतील तर कळव, म्हणाले, आणि चढताना पावसाची उघडीप बघ.